पदरमोडीची कादंबरी

"कितें मरे, पयशे दिवन छापलें?"

माझी कादंबरी मी पहिल्यांदा कचेरीत नेली त्या दिवशी टेबलाभोवती जमलेल्या मंडळींकडून आलेला हा पहिला प्रश्न. पुस्तक कशावर आहे, लिहायला किती दिवस लागले, हे सगळे नंतर. विचारणारा माणूस वाईट मुळीच नाही. बाजूच्याच टेबलावर बसतो, गेली कित्येक वर्षे आम्ही चार वाजताचा चहा एकत्र घेतो. मी "हो" म्हटले. त्याने पुस्तक उलटे करून मागची किंमत वाचली, "बरें आसा" म्हणाला आणि ते माझ्या फायलींवर ठेवून दिले. त्या "हो"नंतर पुस्तकाची किंमत त्याच्या लेखी निम्म्यावर आली, हे मला कळले. तो काही बोलला नाही, तरी कळले.

मित्रहो, आज याच प्रश्नाविषयी लिहायचे आहे. कारण हा प्रश्न एकट्या मला विचारला गेलेला नाही. गोव्यात मराठीतून लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना तो विचारला जातो. काहीजण तो टाळण्यासाठी पुस्तकावर भलत्याच प्रकाशनाचे नाव घालतात. बायकोच्या, मुलीच्या किंवा कुलदेवतेच्या नावाने एक प्रकाशनसंस्था जन्माला येते, एकच पुस्तक काढते आणि संपते! मी तसे केले नाही. प्रकाशक म्हणून स्वतःचेच नाव छापले. पदरमोड केली आहे तर ती लपवायची कशाला?

आधी माझ्याविषयी थोडे सांगतो. मी मूळचा डिचोली तालुक्यातला. वडील खाणीवर काट्यावर कारकून होते, म्हणजे ट्रकांचे वजन करून पावती फाडण्याचे काम. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि सरकारी नोकरीत कारकून म्हणून लागलो. आज मुरगाव तालुक्यात, वास्कोच्या एका कचेरीत काम करतो आणि सड्यावर भाड्याच्या घरात राहतो. गंमत बघा, वडिलांच्या काट्यावरून सुटलेला लोहखनिजाचा दगड ट्रकातून नदीकाठच्या धक्क्यावर जायचा, तिथून बार्जमधून मांडवीतून खाली उतरायचा आणि शेवटी मुरगाव बंदरात जहाजात भरला जायचा. वडील त्या वाटेच्या एका टोकाला होते, मी दुसऱ्या टोकाला येऊन पोचलो.

वाचनाचे वेड कसे लागले हे नेमके सांगता येणार नाही. आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक ठरलेले. डिचोली-पेडण्यातल्या कुठल्याही गावात जा, देवळासमोर वर्षातून एकदा तरी मराठी नाटक होतेच. मला अभिनय जमायचा नाही, म्हणून सातवीत असताना मला विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभे केले. हातात वही आणि बॅटरी. पाच-सहा वर्षे मी ते काम केले. सगळ्यांची वाक्ये हळू आवाजात वाचायची. कुठले वाक्य नटाच्या तोंडात बसते आणि कुठले दरवर्षी त्याच जागी अडखळते, हे विंगेत उभे राहून फार चांगले कळते. वाचक म्हणून माझे पहिले शिक्षण ते.

पुढे हाताला लागेल ते वाचले. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, मग महादेवशास्त्री जोशी, खांडेकर, जयवंत दळवी. कॉलेजात 'कोसला' वाचली आणि आठवडाभर सगळ्यांशी तसेच बोलत सुटलो. नाथमाधवांच्या कादंबऱ्या शाळेच्या कपाटात होत्या. त्यांची हकीकत मला नंतर कळली. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. हॉस्पिटलात पडल्यापडल्या त्यांनी वाचनाचा सपाटा लावला आणि त्या वाचनातून कादंबरीकार झाले. वाचणारा माणूस लिहिता होतो तो असा. पण सगळे वाचणारे लिहिते होत नाहीत आणि होऊही नये. मी स्वतः चाळिशीपर्यंत एक ओळ लिहिली नव्हती. मसुदे सोडून!

मग लिहावेसे का वाटले? २०१२ साली सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्या आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. या सगळ्यावर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने आले. खाणींनी डोंगर खाल्ले, शेते लाल चिखलात बुडाली, हे खरेच आहे. आमच्या घरातल्या पाण्याच्या घागरीवरही धुळीचा थर बसायचा. पण ट्रक थांबल्यावर माझ्या वडिलांना रात्री झोप लागेना. तीस वर्षे ट्रकांच्या घरघरीत झोपलेला माणूस शांततेत जागा राहायचा. ओसरीवर बसून बिड्या ओढायचा. धूळ गेली याचा आनंद आणि कर्जाने घेतलेला शेजाऱ्याचा ट्रक आंब्याखाली गंजतो याचे दुःख, दोन्ही एकाच घरात, कधीकधी एकाच माणसात. हे कुठे वाचायला मिळते का म्हणून मी वाचनालये धुंडाळली. अहवाल मिळाले, लेख मिळाले. मला हवी होती ती कादंबरी मराठीत माझ्या हाती काही लागली नाही. तेव्हा मनात आले, आपणच लिहून बघावी.

लिहायला २०१८च्या पावसाळ्यात बसलो. २०२१ साली ३३० पानांचे बाड तयार झाले. आता प्रकाशक!

महाराष्ट्रातल्या चार प्रकाशकांना पाठवले. दोघांकडून उत्तर आले नाही. तिसऱ्याने सहा महिन्यांनी कळवले की गोव्याच्या बोलीतले संवाद वाचकाला जड जातील, शेवटी शब्दांचे अर्थ द्यावे लागतील. चौथ्याने बाड उघडण्यापूर्वीच दरपत्रक पाठवले. निम्म्याहून अधिक प्रती लेखकानेच विकत घ्यायच्या. मी कुणाला दोष देत नाही. मराठी कादंबरीची पाचशे-हजारांची आवृत्ती खपायला वर्षे लागतात, तेव्हा अनोळखी कारकुनावर कुणी का पैसे लावावेत? पण चौथ्या पत्राने मला एक गोष्ट नीट दिसली. पैसे आपलेच जाणार असतील, तर निर्णयही आपलेच असू द्यावेत.

या ठिकाणी मागे वळून पाहण्यासारखे बरेच काही आहे, आणि ते आमच्या मुरगाव तालुक्यातूनच सुरू होते. कुठ्ठाळीच्या शेजारी केळशी गाव आहे. कवळ्याची शांतादुर्गा मूळची इथली. याच केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचायला घेतला. पाचशे वर्षांमागची गोष्ट. तेव्हा गोव्यात छापखानाही नव्हता, तो १५५६ साली आला, भारतातला पहिला. शामाला कुणी विचारले नसेल, पैसे देऊन लिहिलेस की घेऊन! आज पणजीत पाटोवर राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेली ही संस्था, आणि तिला नाव आहे केळशीच्या या माणसाचे.

दुसरे उदाहरण फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'चे. १६१६ साली रायतूरला ते रोमी लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे पुराण आपल्यापर्यंत आले कसे? वाचणाऱ्यांनी आणि गाणाऱ्यांनी हाताने नकला करून ठेवल्या म्हणून. त्या नकलांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. म्हणजे छापखान्याने काढलेले नाहीसे झाले आणि वाचकांनी सांभाळलेले उरले. माझ्या बाजूच्या टेबलावरच्या मित्राला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "तर मागीर तुजें कोण बरोवन घेता तें पळोवया!" म्हणजे तुझे कोण उतरून घेतो ते बघूया. उत्तर माझ्यापाशी नव्हते!

अलीकडच्या काळातले दाखले तर कितीतरी. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ साली निघाला तो वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून. खांडेकर आपल्याला परके नाहीत, १९२० ते १९३८ ही वर्षे त्यांनी शिरोड्याच्या शाळेत काढली, पेडण्याहून तेरेखोल ओलांडली की शिरोडे फार दूर नाही. ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकाच्या १८८२ साली पुण्यात ५०० प्रती निघाल्या. नंतर ते जवळजवळ विसरले गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा लोकांसमोर आणले. तिकडे फ्रान्समध्ये मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड प्रकाशकांनी नाकारला आणि १९१३ साली त्याने तो स्वखर्चाने काढला. पोर्तुगीजमधला थोर कवी फेर्नांदु पेसोआ लिस्बनमधल्या व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रे लिहून देत पोट भरायचा, एका अर्थी आमच्याच जातकुळीतला! १९१८ साली त्याने आपल्या इंग्रजी कवितांच्या दोन पुस्तिका स्वतःच छापल्या. बाकीचे लिखाण पेटीत पडून राहिले, पंचवीस हजारांहून जास्त कागद. त्यातून एका दुय्यम हिशेबनिसाच्या नोंदींचे गद्य पुस्तक तयार झाले ते १९८२ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी.

आणि इतके लांब तरी कशाला जा? रोमी लिपीतल्या कोंकणीत 'रोमान्स' नावाच्या कादंबऱ्यांचा एक मोठा काळ होऊन गेला. मुंबईतल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती वाचकांनी त्या अक्षरशः उचलून धरल्या. रेजिनाल्ड फर्नांडिस यांनी शंभराहून अधिक लिहिल्या, लोक त्यांना 'रोमान्सींचो पातशाय' म्हणत. अनेक लेखक स्वतःच छापत, स्वतःच विकत. आम्ही देवनागरीवाले त्यांच्याकडे नाक मुरडून पाहत राहिलो. पण वाचक त्यांच्यापाशी होता, हे कबूल करायला हवे.

तेव्हा पदरमोडीत लाज वाटावी असे काही नाही. मग बाजूच्या टेबलावरच्या मित्राचा तो प्रश्न अगदीच चुकीचा होता का? नाही. इथे मला स्वतःच्या बाजूनेच थोडे कडू बोलायचे आहे.

मी वाचक आहे, आणि वाचक म्हणून स्वखर्चाने निघालेली पुष्कळ पुस्तके मी विकत घेतली आहेत. त्यातली बरीचशी पूर्ण वाचवली नाहीत. पानापानावर मुद्रणदोष. पहिल्या प्रकरणात मेलेला मामा पाचव्यात चहा पितो. दोन पानांचा मजकूर वीस पानांत. लेखकाने स्वतःच्या पैशाने छापले म्हणून ते वाईट झालेले नाही. छापण्यापूर्वी दुसऱ्या कुणी वाचलेच नाही, म्हणून झाले आहे. चांगला प्रकाशक नुसते पैसे लावत नाही, तो आधी वाचतो. 'मौजे'चे श्री. पु. भागवत, 'सत्यकथे'चे राम पटवर्धन यांची नावे आजही घेतली जातात ती त्यांनी लेखकांच्या हस्तलिखितांवर घेतलेल्या मेहनतीसाठी. प्रकाशक गाळला की तो वाचणारा माणूसही गळतो, आणि त्याची जागा भरून काढायची आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही.

आम्हा कारकुनांना खरे म्हणजे हे कळायला हवे. पाण्याच्या जोडणीसंबंधीचे चार ओळींचे पत्रसुद्धा कचेरीतून थेट बाहेर पडत नाही. मसुदा हेडक्लार्ककडे जातो, तिथून सुपरिंटेंडेंटकडे. लाल शाईने माखून परत येतो, दुरुस्त होतो, पुन्हा जातो. आम्ही कुरकुरतो, पण त्यात अपमान वाटून घेत नाही. आणि तीन वर्षे खपून लिहिलेले ३३० पानांचे बाड मात्र तपासणीशिवाय थेट छापखान्यात?

मी तीन वाचक गाठले. पेडण्यातले एक निवृत्त मराठी शिक्षक, एकेकाळी बार्जवर काम केलेला एक खलाशी आणि माझी बायको.

सरांनी बाड दोन महिने ठेवून घेतले. मी न्यायला गेलो तेव्हा त्यांनी आधी जेवायला वाढले आणि मग म्हणाले, "अरे, पहिली साठ पाने कशाला लिहिलीस? ती तुझ्यासाठी होती. तू गाव आठवत बसला होतास. कादंबरी एकसष्टाव्या पानावर सुरू होते." शिवाय मधली तीस. एकूण नव्वद पाने गेली. खरे सांगतो, परतताना कदंब बसमध्ये मी ठरवून टाकले होते की यांचे ऐकायचे नाही. या साठ पानांत माझे बालपण होते, विंगेतली वही होती, आईच्या हातची पेज होती. पंधरा दिवस मी बाडाला हात लावला नाही. मग एका रविवारी एकसष्टाव्या पानापासून वाचायला घेतले, वाचक म्हणून. सर बरोबर होते. दुसऱ्या कुणाची कादंबरी असती तर मीही तिथपर्यंत पोचण्याआधीच पुस्तक मिटले असते.

खलाशाने वेगळीच शिकवण दिली. माझा एक पात्र बार्ज घेऊन जुलैच्या पावसात मांडवीतून बंदराकडे निघतो, असा एक प्रसंग मी फार रंगवून लिहिला होता. वादळ, लाटा, आग्वादचा किल्ला पावसात दिसेनासा होतो वगैरे. त्याने ऐकले आणि हसत सुटला. "जुलयांत आग्वादांतल्यान बार्ज भायर काडली आनी मनीस जिवो उरलो? कादंबरेंतूच जाय तें!" पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा बांध आणि समुद्र यांमुळे ती वाट बंद असते. बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरतात आणि तिथून मुरगावला जातात. ज्या वाटेच्या दोन टोकांवर आम्ही बापलेकांनी नोकऱ्या केल्या, तिची ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती! मी तो प्रसंग पुन्हा लिहिला. कालव्यात वादळ नाही. दोन्ही बाजूंना खाजन आणि खारफुटी, चिंचोळी वाट, समोरून दुसरी बार्ज येते आणि कोणी आधी थांबायचे यावरून दोन माणसांचे जुने भांडण उकरले जाते. आज जे वाचक भेटतात ते त्याच प्रसंगाविषयी बोलतात.

बायकोने एकच प्रश्न विचारला. "यातली बाई दिवसभर करते काय? ती फक्त दारात उभी राहून वाट बघते." दोन प्रकरणे नव्याने लिहावी लागली.

आता हिशेब. तो उघड सांगितला पाहिजे, कारण पुढच्याला उपयोगी पडतो. २४० पाने, म्हणजे सोळा पानी पंधरा फॉर्म, डेमी आकार. ३०० प्रती. छपाई-बांधणी ३६,००० रुपये, अक्षरजुळणी ९,६००, मुद्रितशोधन ६,०००, मुखपृष्ठ ५,०००. एकूण ५६,६००. किंमत २५० ठेवली. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करावा लागतो. १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवली. सरकारी नोकर असल्याने आचरण नियमही पाहिले. १९६४च्या नियमांत प्रासंगिक साहित्यिक कामाला मुभा आहे, धंद्याला नाही. तीनशे प्रती विकणे हा धंदा होतो का, या शंकेने मी रीतसर टिपणी सादर केली. ती वरून परत आली, खाली एकच शब्द, "पाहिले". जन्मात पहिल्यांदा मला त्या शब्दाने आनंद झाला!

चौदा महिन्यांत १७१ प्रती विकल्या गेल्या. ६४ भेट आणि ग्रंथालयांना दिल्या. ६५ अजून पलंगाखाली आहेत. दुकानदारांचे कमिशन आणि मित्रांची सवलत जाऊन ३१ हजारांच्या आसपास परत आले. बाकीचे गेले. श्रावणात दामोदर सप्ताहाची फेरी वास्कोत भरते, तेव्हा ओळखीच्या दुकानाच्या कोपऱ्यावर खाजे आणि खेळण्यांच्या मध्ये वीस प्रती मांडून बसलो होतो. आठ खपल्या. त्यातल्या दोन बार्जवर काम केलेल्यांनी घेतल्या. एकाने तर मला न विचारता मधले पान उघडून कुंभारजुव्याचा कालवा बरोबर लिहिला आहे ना ते आधी तपासले!

आता मुद्द्याचे बोलतो. आपल्याकडे पुस्तक निघते तेव्हा सगळा जोर प्रकाशन सोहळ्यावर असतो. सभागृह, समई, शाल-श्रीफळ, मंत्री किंवा आमदार, चार भाषणे, चहा-सामोसे. भाषण करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पुस्तक वाचलेले नसते आणि ते तसे सांगूनही टाकतात. या एका संध्याकाळच्या खर्चात हस्तलिखित नीट तपासून घेता येते. माझे म्हणणे इतकेच आहे की आपल्या संस्थांनी सोहळ्यापेक्षा आधीच्या वाचनाला हात द्यावा. प्रत्येक तालुक्यात पाच-सहा चोखंदळ वाचक असतात, निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, गृहिणी. त्यांनी महिन्याकाठी एक बाड वाचून लेखकाला तोंडावर खरे सांगावे. कोंकणी अकादमीने 'पयलो चंवर' योजनेखाली नव्या लेखकांची पहिली पुस्तके काढली, तसे मराठीतही अनुदान असावे, पण अनुदानाच्या आधी परखड वाचन असावे. महाराष्ट्रात १९७०च्या दशकात 'ग्रंथाली'ने वाचकांची चळवळ उभी केली, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली त्यांनीच लोकांपुढे आणले. मराठी वाचकांनी हे एकदा करून दाखवलेले आहे.

गोव्यात मराठी की कोंकणी हा वाद १९८७च्या राजभाषा कायद्यापूर्वीही होता आणि नंतरही राहिला. त्यात मी पडत नाही. माझी पात्रे कोंकणीत भांडतात आणि देवळात मराठी आरती म्हणतात, कारण आमच्या घरी तसेच चालते. पण मराठीवर प्रेम आहे असे सभेत सांगणाऱ्यांनी वर्षाला दोन मराठी पुस्तके विकत घेऊन वाचावीत, इतकी अपेक्षा चुकीची नसावी. आणि वाचल्यावर लेखकाला "छान, छान" म्हणू नये. कुठे अडखळलात ते सांगावे.

असो. मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. वाचनालयात मी दिलेली प्रत सहज हातात घेतली. कुणीतरी पेन्सिलीने मुद्रणाच्या अकरा चुका दुरुस्त करून ठेवल्या आहेत. मुद्रितशोधनाला सहा हजार देऊनही अकरा! एके ठिकाणी समासात "इथे घाई झाली" असे लिहिले आहे आणि शेवटच्या पानावर, तारीख घालून, "वाचले". नोंदवहीत पाहिले तर सहा जणांनी प्रत नेली होती, त्यातले नेमके कोण ते कळेना. अक्षर वयस्क माणसाचे वाटते. त्या अकरा चुका मी वहीत उतरून आणल्या आहेत. पलंगाखालच्या ६५ प्रती संपल्या की पुढच्या छपाईत त्या सुधारीन, आणि घाई कुठे झाली तेही पुन्हा पाहीन. ज्या कुणी हे केले असेल त्यांनी कधीतरी भेटावे. चहा माझ्याकडे.